फोटो क्रमांक ५१

माझी भाची भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता तिला पीएच.डी. करायचीय; विषय, शरीराच्या आतल्या प्रतिमा घेण्याचं तंत्र. घरात लगेच लग्नाचा विषय निघाला. पोरीला मात्र वेगळीच धास्ती, गाइड कसा मिळेल याची. मी आपली बी.ए. झालेली मावशी! पण मला रोझलिंड फ्रँकलिन आठवली.

रोझलिंडचा जन्म लंडनचा, १९२०चा. १९४१ साली ती केंब्रिजमधून परीक्षा पास झाली. (तिथे बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी मिळायला मात्र १९४८ साल उजाडलं.) संशोधनाला पहिले जे गाइड मिळाले त्यांच्याशी पटलं नाही, वर्षभरात ती तिथून बाहेर पडली. मग कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांवर काम करून १९४५ मध्ये तिने पीएच.डी. मिळवली. पुढे पॅरिसला क्ष-किरणांचं तंत्र शिकली. किरण पदार्थातून जाताना विखुरतात, फिल्मवर ठिपके उमटतात आणि त्यावरून आतली रचना गणिताने काढायची, असं ते किचकट काम.

१९५१च्या जानेवारीत ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. डीएनएचं काम तू आणि रेमंड गॉस्लिंग हा पीएच.डी.चा विद्यार्थी मिळून करायचं, असं प्रमुख रँडल यांनी तिला पत्राने कळवलं होतं. गॉस्लिंग आधी मॉरिस विल्किन्स यांच्या हाताखाली होता, आणि या पत्राचा विल्किन्स यांना पत्ताच नव्हता! ते तिला आपली मदतनीस समजले, आणि दोघांचं बिनसलं ते कायमचंच.

गॉस्लिंगला मात्र गाइड चांगली मिळाली. डीएनएचा धागा कोरडा असताना एक रूप दाखवतो आणि ओला असताना दुसरं, हे तिने ओळखलं. मे १९५२ मध्ये ओलावा सांभाळत, साठ तासांहून जास्त वेळ किरण सोडून गॉस्लिंगने एक फोटो घेतला. मधोमध ठिपक्यांची फुली, म्हणजे रचना मळसूत्री! हाच तो फोटो क्रमांक ५१.

रोझलिंड कॉलेज सोडणार होती, त्यामुळे गॉस्लिंग पुन्हा विल्किन्स यांच्याकडे जायचा होता. त्याच्याबरोबर फोटोही गेला. जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्स यांनी तो वॉटसन यांना दाखवला, तिला न कळवता. वॉटसन आणि क्रिक यांचा दुहेरी मळसूत्राचा लेख एप्रिलमध्ये छापून आला. त्याच अंकात रोझलिंड आणि गॉस्लिंगचाही लेख होता, पण तिसऱ्या क्रमांकावर.

जाताना रँडल यांनी तिला बजावलं होतं, डीएनए सोडायचं आणि गॉस्लिंगला शिकवणंही बंद. तिने ऐकलं नाही. ती गुपचूप त्याला मदत करत राहिली. १९५४ मध्ये त्याचा प्रबंध झाला.

बर्कबेक कॉलेजात तिने विषाणूंवर उत्तम काम केलं. १९५६ मध्ये कर्करोग निघाला, १९५८च्या एप्रिलमध्ये ती गेली. अवघी ३७ वर्षांची! १९६२चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं.

हे सगळं भाचीला सांगितलं, तर तिने रोझलिंडपेक्षा गॉस्लिंगबद्दलच जास्त खोदून विचारलं. मध्येच गाइड बदलला तर त्याने घेतलेले फोटो कुणाचे? मला काही उत्तर देता आलं नाही. सोमवारी तिची मुलाखत आहे.