वाऱ्याला वाट करून देणारा माणूस

मैत्रिणींनो, जुन्या घरातला सोपा आठवतो ना? ऊन थेट आत येत नाही, पावसाची झड बाहेरच थांबते आणि वारा मात्र घरभर फिरतो. आपल्या आजी-पणजीच्या ओळखीची ही सोय मुंबईतल्या २८ मजली इमारतीत नेली ती वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी.

कोरिया घराणं मूळ गोव्याचं. चार्ल्स यांचा जन्म १ सप्टेंबर १९३० चा, सिकंदराबादचा. मुंबईत सेंट झेवियर्सला शिकून ते अमेरिकेत गेले, वास्तुकला शिकले आणि परत येऊन १९५८ साली मुंबईत काम सुरू केलं. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय हे त्यांचं सुरुवातीचंच काम, १९६३ साली पूर्ण झालेलं. साध्या विटा, कौलं, मधे मोकळं अंगण. खिडक्यांना काचासुद्धा नाहीत! अहमदाबादेत त्यांनी एक लांबट, अरुंद घर बांधलं. त्यात तापलेली हवा उतरत्या छपराखालून वर सरकायची आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडायची.

मग आली मुंबईतल्या कंबाला हिलवरची 'कांचनजंगा'. या कामात प्रवीणा मेहता या वास्तुशिल्पी बाईंचाही सहभाग होता. अडचण अशी, की मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुने बंगले खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून यातून मार्ग काढत. कोरियांनी तेच केलं. घरं पूर्व-पश्चिम आरपार ठेवली आणि कोपऱ्यात दोन मजले उंचीच्या, झाडं लावता येतील अशा गच्च्या दिल्या. १९८३ साली इमारत पूर्ण झाली. घरं फक्त ३२.

ही श्रीमंतांची घरं, आपल्याला काय त्यांचं, असं कुणी म्हणेल. पण त्याच सुमारास नवी मुंबईत बेलापूरला त्यांनी बैठी, छोटी घरं उभारली. सात-सात घरांमधे एक सामाईक अंगण. घराच्या भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या नाहीत, म्हणजे हातात पैसा येईल तशी खोली वाढवता येते. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. १६ जून २०१५ रोजी मुंबईत ते गेले.

आपल्या जत तालुक्यातला उन्हाळा काही वेगळा सांगायला नको. तरीही सोपा पाडून चारी बाजूंनी बंद स्लॅबचं घर बांधायची हौस वाढलीय. दुपारी त्यात कोण भाजून निघतं? चुलीपुढची बाईच ना! नकाशा मात्र घरधनी आणि गवंडी मिळून ठरवतात. तेव्हा घर बांधायचं निघालं, की त्या बोलण्यात आपणही बसायचं. स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीला पडवी, गरम हवेला वर झरोका, एवढं तरी पाया खणायच्या आधी मागून घ्यायचं.