मक्केतील ते घर

हिजाजच्या रुक्ष डोंगररांगांमध्ये वसलेल्या मक्का शहरात, काबागृहापासून फार दूर नसलेल्या एका वस्तीत, हजरत खदीजा बिन्त खुवैलिद (रजि.) यांचे घर होते. इस्लामच्या इतिहासात या घराचे जे स्थान आहे, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या घराला लाभले असेल. याच घरात प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सुमारे पंचवीस वर्षांचे सहजीवन व्यतीत केले, याच घरात त्यांच्या कन्या लहानाच्या मोठ्या झाल्या आणि हिरा गुहेतून परतल्यावर त्यांनी पहिला आधार शोधला तोही याच घराच्या उंबरठ्याआत. हजरत खदीजा (रजि.) यांच्या औदार्याविषयी व प्रथम श्रद्धावंत म्हणून त्यांच्या थोरवीविषयी आपण नेहमी ऐकतो. परंतु त्या एक गृहिणी होत्या, माता होत्या, आणि जिवापाड जपलेले घर सत्यासाठी सोडून निघालेली स्त्री होत्या, या बाजूने त्यांच्या चरित्राकडे पाहणेही तितकेच उद्बोधक आहे.

हजरत खदीजा (रजि.) कुरैशच्या बनू असद या घराण्यातील. कुरैशचा व्यापार हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे चाले. त्या काफिल्यांमध्ये त्यांच्या मालाचा वाटा मोठा असे. स्वतः प्रवास न करता विश्वासू माणसांच्या हाती माल सोपवून नफ्यात त्यांना भागीदार करणे, ही त्यांची पद्धत होती. निर्मळ चारित्र्यामुळे अज्ञानकाळातही लोक त्यांना ताहिरा, म्हणजे पवित्र, या नावाने ओळखत. त्यांचे यापूर्वी दोन विवाह झाले होते आणि वैधव्यही त्यांच्या वाट्याला आले होते. अबू हाला यांच्यापासून हिंद व हाला हे पुत्र आणि अतीक यांच्यापासून हिंद नावाचीच एक कन्या, अशी अपत्ये त्यांना होती. कुरैशच्या अनेक प्रतिष्ठितांनी त्यांना मागणी घातली होती. ती त्यांनी नाकारली होती.

अशा वेळी मक्केतील एका तरुणाच्या सचोटीची वार्ता त्यांच्या कानी आली. त्यांनी आपला माल त्याच्या स्वाधीन करून त्याला शामला पाठविले आणि आपला सेवक मैसरा याला सोबत दिले. परतल्यावर मैसराने नफ्याच्या हिशेबाबरोबरच त्या तरुणाच्या प्रामाणिकपणाची व सौजन्याची जी हकीकत सांगितली, ती हजरत खदीजा (रजि.) यांच्या मनावर ठसली. नफीसा नावाच्या मैत्रिणीमार्फत त्यांनी विवाहाची इच्छा कळविली. प्रेषितांचे (सल्ल.) वय त्या वेळी 25 वर्षांचे होते. हजरत खदीजा (रजि.) यांचे वय 40 होते असे प्रसिद्ध आहे, काही कथनांत ते 28 सांगितले आहे. चुलते अबू तालिब यांनी निकाहाचा खुतबा दिला आणि नवा संसार सुरू झाला.

हे घर श्रीमंताचे होते, पण बंद दारांचे नव्हते. प्रेषितांना (सल्ल.) हजरत खदीजा (रजि.) यांच्यापासून कासिम व अब्दुल्लाह हे पुत्र आणि जैनब, रुकय्या, उम्मे कुल्सूम व फातिमा या चार कन्या झाल्या. दोन्ही पुत्र बालपणीच वारले. मुलींना ओझे समजणाऱ्या आणि काही टोळ्यांत तर त्यांना जिवंत पुरणाऱ्या त्या समाजात, पुत्रशोक सोसलेल्या या दांपत्याने चार मुलींना मायेने व सन्मानाने वाढविले. पुढे कन्यांच्या संगोपनाविषयी प्रेषितांनी (सल्ल.) जी शिकवण दिली, तिचे प्रत्यक्ष आचरण या घरात कितीतरी आधीपासून होत होते.

पोटच्या मुलांपुरतेच हे मातृत्व मर्यादित नव्हते. जैद बिन हारिसा (रजि.) हे लहानपणी पळवून नेले गेले व गुलाम म्हणून विकले गेले. हजरत खदीजा (रजि.) यांचे भाचे हकीम बिन हिजाम यांनी त्यांना विकत घेऊन आत्याकडे दिले. आत्याने ते पतीच्या स्वाधीन केले आणि प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना मुक्त केले. काही काळाने जैद (रजि.) यांचे वडील व चुलते मुलाचा शोध घेत मक्केत आले, तेव्हा निर्णय त्यांच्यावरच सोपविण्यात आला. त्यांनी जन्मदात्याबरोबर परत जाण्याऐवजी याच घरात राहणे पसंत केले. ज्या घरात गुलाम म्हणून आलेले मूल स्वातंत्र्य मिळाल्यावरही घर सोडू इच्छीत नाही, त्या घरातील गृहिणीविषयी आणखी काही सांगण्याची आवश्यकता उरत नाही.

त्यानंतर मक्केत दुष्काळ पडला. अबू तालिब यांचे कुटुंब मोठे व उत्पन्न तोकडे. त्यांचा भार हलका करावा म्हणून प्रेषितांनी (सल्ल.) अल्पवयीन अली (रजि.) यांना आपल्या घरी आणले. पतीच्या बालपणी त्यांचा सांभाळ करणाऱ्या उम्मे ऐमन (रजि.) याही याच परिवारातील होत्या. पहिल्या विवाहाचा पुत्र हिंद (रजि.) प्रेषितांच्या (सल्ल.) छायेत वाढला, प्रेषितांच्या (सल्ल.) मुखमुद्रेचे व चालीबोलीचे जे तपशीलवार वर्णन हदीस ग्रंथांत आढळते, त्यातील एक महत्त्वाचे वर्णन त्याचेच आहे. दुष्काळाच्या एका वर्षी दूधमाता हलीमा (रजि.) भेटीस आल्या, तेव्हा हजरत खदीजा (रजि.) यांनी त्यांना 40 मेंढ्या व एक उंट देऊन निरोप दिला. सावत्र, सख्खे, दत्तक, आश्रित हे भेद या घराच्या दाराबाहेरच राहिले.

अशा भरल्या घरात एके दिवशी प्रेषित (सल्ल.) हिरा गुहेतून थरथरत परतले. त्यांनी अंगावर पांघरूण घालण्यास सांगितले. हजरत खदीजा (रजि.) यांनी प्रथम पांघरूण घातले, भीती ओसरू दिली आणि मगच सारी हकीकत ऐकून घेतली. ती ऐकल्यावर त्यांनी जी ग्वाही दिली, तिचा आधार घरातील दैनंदिन अनुभव हाच होता. जो माणूस नातेसंबंध जपतो, दुर्बलांचे ओझे उचलतो, पाहुण्यांचा सत्कार करतो आणि संकटग्रस्तांना साहाय्य करतो, त्याला अल्लाह कदापि अपमानित करणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंधरा वर्षांच्या सहवासात त्यांनी हेच पाहिले होते. पतीला घेऊन त्या आपले विद्वान चुलतबंधू वरका बिन नौफल यांच्याकडे गेल्या. प्रेषितांवर (सल्ल.) सर्वप्रथम श्रद्धा ठेवण्याचा मान त्यांना मिळाला. अली (रजि.), जैद (रजि.) आणि कन्या यांनीही सत्य स्वीकारले. पृथ्वीतलावर त्या काळी हे एकच घर संपूर्णपणे इस्लामचे घर होते.

येथून त्या घराची शांतता भंगली. शेजारी अबू लहब होता, उकबा बिन अबी मुऐत होता. दारात घाण टाकली जाई, वाटेत काटे पसरले जात. अबू लहबच्या दोन पुत्रांशी रुकय्या (रजि.) व उम्मे कुल्सूम (रजि.) यांचे नाते जुळलेले होते, केवळ पित्याच्या संदेशाच्या सूडापोटी ते तोडण्यात आले. कोणत्याही मातेच्या काळजाला लागावा असा हा घाव होता. पुढे रुकय्या (रजि.) यांचा विवाह उस्मान (रजि.) यांच्याशी झाला, परंतु प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी, इ.स. 615 मध्ये, छळाला कंटाळून जे मुस्लिम समुद्रापार हबशात गेले, त्यांत हे दांपत्यही होते. मातेच्या डोळ्यांदेखत कुटुंबातील एक कन्या परमुलखात गेली.

दोन वर्षांनी याहून मोठी परीक्षा आली. कुरैशच्या सरदारांनी बनू हाशिम व बनू मुत्तलिब यांच्याविरुद्ध बहिष्काराचा करार लिहिला आणि तो काबागृहात टांगला. त्यांच्याशी सोयरीक करायची नाही, खरेदी-विक्री करायची नाही, प्रेषितांना (सल्ल.) स्वाधीन केल्याखेरीज समेट करायचा नाही, असा तो करार होता. दोन्ही घराणी अबू तालिब यांच्या घाटीत जाऊन राहिली.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. हजरत खदीजा (रजि.) जन्माने बनू असदच्या. त्या घराण्यावर बहिष्कार नव्हता. माहेरचे लोक संपन्न व प्रतिष्ठित होते. वय उताराला लागले होते, शरीर थकले होते. आपल्या घरात किंवा माहेरी राहण्यास त्यांना मोकळीक होती आणि त्याबद्दल कोणी त्यांना बोल लावला नसता. तरीही त्या निघाल्या. जे घर त्यांनी उभे केले, ज्या घरात मुलांना जन्म दिला आणि दोन मुलांना गमावलेही, ते मागे ठेवून त्या पती व मुलांसह त्या घाटीत राहावयास गेल्या. घर म्हणजे ज्या सत्यासाठी व ज्या माणसांसाठी भिंती उभ्या राहतात ते सत्य व ती माणसे होत, याचा हा कृतीने दिलेला पुरावा होता.

घाटीतील ते दिवस सुमारे तीन वर्षे चालले. झाडाचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. भुकेल्या मुलांचे रडणे घाटीबाहेर ऐकू जाई. ज्यांचा माल शामपर्यंत जात असे, त्यांच्यासाठी धान्य आता चोरून आणावे लागत होते. एकदा भाचा हकीम बिन हिजाम आत्यासाठी गहू घेऊन निघाला असता अबू जहलने त्याला अडविले. बनू असदचाच अबुल बख्तरी तेथे आला. आत्याचे धान्य तिला पोहोचविण्यास तू का अडवितोस, अशा आशयाचा जाब विचारून त्याने वादात उंटाच्या जबड्याचे हाड उचलून अबू जहलला घायाळ केले. हा अबुल बख्तरी स्वतः मुस्लिम नव्हता. पुढे त्यानेच इतर चार न्यायप्रिय व्यक्तींसह बहिष्कार मोडून काढण्यात भाग घेतला. करारपत्र उतरविले गेले तेव्हा त्याला वाळवीने खाल्ले होते; अल्लाहचे नाव तेवढे शिल्लक होते.

हजरत खदीजा (रजि.) घरी परतल्या, परंतु उपासमारीने प्रकृती पार खचली होती. थोड्याच काळात अबू तालिब निधन पावले आणि त्यामागोमाग, प्रेषितत्वाच्या दहाव्या वर्षी रमजान महिन्यात, इ.स. 619 मध्ये, हजरत खदीजा (रजि.) यांनीही इहलोकाचा निरोप घेतला. हजून येथे त्यांचे दफन झाले. प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः कबरीत उतरून त्यांना विसावा दिला. ते वर्ष इतिहासात दुःखाचे वर्ष म्हणून ओळखले जाते.

त्यानंतर ते घर हळूहळू रिकामे होत गेले. प्रेषितांनी (सल्ल.) मदीनेला हिजरत केली. मागाहून जैद (रजि.) यांनी फातिमा (रजि.), उम्मे कुल्सूम (रजि.) व उम्मे ऐमन (रजि.) यांना मदीनेस नेले. थोरल्या जैनब (रजि.) मक्केत पतीकडे होत्या. बद्रच्या युद्धात त्यांचे पती अबुल आस कैद झाले, तेव्हा त्यांच्या मुक्ततेसाठी जैनब (रजि.) यांनी जी रक्कम व वस्तू पाठविल्या, त्यांत एक गळ्यातील हार होता. विवाहप्रसंगी हजरत खदीजा (रजि.) यांनी तो लेकीच्या गळ्यात घातला होता. तो पाहताच प्रेषितांचे (सल्ल.) अंतःकरण भरून आले. सहाबांच्या संमतीने हार परत पाठविण्यात आला.

इ.स. 630 मध्ये मक्का जिंकली गेली. प्रेषित (सल्ल.) कोठे उतरणार, असे विचारले गेले, तेव्हा अकील यांनी आपल्यासाठी एखादे घर शिल्लक ठेवले आहे काय, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. विजेत्याने एकही जुने घर परत मागितले नाही. त्यांचा ध्वज हजूनपाशी रोवला गेला, जेथे हजरत खदीजा (रजि.) चिरविश्रांती घेत होत्या.

सहीह हदीसमध्ये आहे की जिब्रील (अ.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांना त्यांच्या पालनकर्त्याचा सलाम सांगितला आणि स्वर्गातील एका घराची शुभवार्ता दिली. पोकळ मोत्यांचे ते घर, जेथे गोंगाट नाही आणि थकवा नाही. बक्षीस म्हणून महाल किंवा बाग न सांगता घरच का सांगितले गेले, यावर इमाम सुहैली यांनी सुंदर विवेचन केले आहे. प्रारंभी साऱ्या जगात इस्लामचे एकच घर होते आणि त्याची गृहिणी हजरत खदीजा (रजि.) होत्या, म्हणून प्रतिफळही त्याच शब्दात मिळाले. ज्यांच्या घरासमोर शेजाऱ्यांनी गोंगाट केला, त्यांना निःशब्द शांततेचे घर मिळाले. ज्यांनी घाटीत देह झिजविला, त्यांना थकव्याविरहित घर मिळाले.

आपणही घरे बांधतो. कर्ज काढतो, जागेसाठी भावाभावांत वितुष्ट येऊ देतो, भिंतींचा रंग निवडण्यात महिने घालवितो. त्या घरात अनाथाला, आश्रिताला, वृद्ध आप्ताला, भावाच्या मुलाला जागा आहे काय, हा प्रश्न मात्र मागे पडतो. नोकरी, शिक्षण वा विवाहामुळे कोणाला ना कोणाला घर सोडावेच लागते आणि एक दिवस तर प्रत्येकालाच सोडावे लागणार आहे. सोडताना मागे काय उरते, हे त्या घरात राहिलेल्या माणसांवरून ठरते. हजरत खदीजा (रजि.) यांच्या घरातून फातिमा (रजि.) निघाल्या, अली (रजि.) निघाले, जैद (रजि.) निघाले. मक्केतील त्या भिंती काळाच्या ओघात बदलल्या, मालकही बदलले. त्या भिंतींआड घडलेली माणसे आजही आपल्याला मार्ग दाखवीत आहेत. अल्लाह आपल्या घरांना त्या घराची थोडीशी तरी झळाळी देवो. आमीन.