पाठ १२ : रमाबाई रानडे – मन सांभाळण्याची शाळा

तुमच्यापैकी कुणाची आई, मावशी किंवा शेजारची काकू नर्स आहे का? डंडॉकमध्ये असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नर्सिंग शिकवतात. काही जणी इथेच काम करतात, तर काही रोज गाडीने ड्रॉहेडाच्या मोठ्या हॉस्पिटलला जातात.

मी आयटीत काम करतो, त्यामुळे हॉस्पिटलमधलं मला फारसं कळत नाही. पण आमच्या ओळखीची एक ताई अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत, नवीन लागली. तेव्हा मी तिला विचारलं की सगळ्यात अवघड काय वाटतं. मला वाटलं, ती व्हेंटिलेटरचं नाव घेईल. पण तिला यंत्रांची भीती वाटत नव्हती. कुठला अलार्म वाजला की काय करायचं, हे तिला शिकवलेलं होतं. तिला अवघड जात होतं ते वेगळंच. बाहेर बसलेला पेशंटचा मुलगा आपल्यावर ओरडतो, तेव्हा तो खरं तर घाबरलेला आहे, हे ओळखणं. आणि पहाटे पेशंट गेला, तरी सकाळी घरी येऊन आपल्या लेकीचा डबा शांतपणे भरणं.

हे शिकता येतं का? येतं, पण वेळ लागतो. आज आपण ज्यांची गोष्ट वाचणार आहोत, त्यांना तर अर्धं आयुष्य लागलं. त्या स्वतः नर्स नव्हत्या, पण पुण्यातल्या अनेक बायकांना त्यांनी नर्स होण्याची वाट दाखवली. त्यांचं नाव रमाबाई रानडे. घरी आजीला विचारून बघा. ‘उंच माझा झोका’ ही टीव्हीवरची मालिका त्यांच्यावरच होती.

अकरा वर्षांची नवरी

रमाबाईंचा जन्म १८६२ साली झाला. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे त्यांचं गाव. १८७३ मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवरा एकतीस वर्षांचा! आज हे ऐकून आपल्याला धक्का बसतो. त्या काळात मात्र ही रीतच होती.

नवरा म्हणजे महादेव गोविंद रानडे, मोठे विद्वान, न्यायाधीश आणि समाजसुधारक. रमाबाईंना तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. रानड्यांनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला सुरुवात केली.

घरातल्या मोठ्या बायकांना हे मुळीच आवडलं नाही. बाईने शिकणं, त्यातून इंग्रजी शिकणं, म्हणजे घराण्याची अब्रू जाणं, असं त्यांना वाटे. रोज टोमणे सुरू झाले. कधी कुणी धड बोलतसुद्धा नसे. विचार करा, शाळेत कुणी चिडवलं तर तुम्ही दुपारी घरी तरी येता. रमाबाईंचं घरच तसं होतं. ज्या बायका टोचून बोलायच्या, त्यांच्याच सोबत दिवसभर स्वयंपाकघरात काम करायचं होतं.

रमाबाईंनी भांडण केलं नाही आणि पुस्तकही सोडलं नाही. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं, म्हणून त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरसमोर इंग्रजीत भाषण वाचलं. १८८४ मध्ये ती शाळा सुरू झाली. तीच आजची हुजूरपागा.

टोमणे मुकाट्याने सोसावेत, असं मी म्हणत नाही बरं का. तुम्हाला कुणी त्रास देत असेल, तर मोठ्यांना नक्की सांगा. मला रमाबाईंची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९१० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. त्यात त्यांनी हा सगळा त्रास लिहिला, पण सूड घ्यावा तसा लिहिला नाही. समोरचा माणूस असा का वागतो, हे त्यांना पाहता येत होतं. त्या बायकांना स्वतःला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. जे आपल्याला माहीत नाही, त्याची भीती वाटते, आणि भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही.

दुःखानंतर

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे मुंबईत वारले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परत आल्या. त्या काळी विधवा बाईला शुभकार्यात कुणी पुढे येऊ देत नसे. तिने घराच्या एका कोपऱ्यात दिवस काढायचे, बस्स.

रमाबाई काही काळ घरातच राहिल्या. मग मात्र बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या तिथल्या बायकांना भेटू लागल्या. हॉस्पिटलमध्ये फळं आणि फुलं घेऊन आजारी माणसांजवळ बसू लागल्या.

१९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासोबत त्यांनी पुण्यात ‘सेवासदन’ सुरू केलं. तिथे बायका लिहायला, वाचायला, शिवायला शिकत. काही जणी शिक्षिका होत. पुढे नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. त्यासाठी बायका पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये जात.

हे सोपं नव्हतं. नर्सचं काम म्हणजे परक्या माणसांना हात लावायचा, कुठल्याही जातीच्या पेशंटची घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचं. तेव्हा पुष्कळ घरांत हे काम हलकं समजलं जाई. ज्या विधवेचा हात हळदीकुंकवाला चालत नसे, तोच हात तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवणार होता.

सेवासदनाने अशा बायकांसाठी वसतिगृहही काढलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दिवसभर दुखणी आणि मरणं बघून परत यायचं, ते टोमणे मारणाऱ्या घरात नाही, तर तेच काम करणाऱ्या मैत्रिणींमध्ये. आपलं मन कुठेतरी मोकळं झालं, तरच दुसऱ्याचं दुःख ऐकायला त्यात जागा उरते. आजही आयसीयूत अवघड प्रसंगानंतर सगळे थोडा वेळ एकत्र बसून बोलतात, ते यासाठीच.

१९२४ साली रमाबाई गेल्या. तोपर्यंत पुण्याच्या सेवासदनात हजाराहून जास्त बायका आणि मुली शिकत होत्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तेव्हा भारताने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आता एक काम तुमच्यासाठी. तुमच्या घरी कुणी रात्रपाळी करून आलं आणि गप्प बसलं, तर लगेच प्रश्न विचारू नका. एक कप चहा करून द्या आणि जवळ बसा. बोलावंसं वाटलं, तर ते माणूस बोलेल. तेव्हा फक्त ऐका.

शब्दार्थ
अतिदक्षता विभाग – खूप आजारी माणसांना ठेवतात ती हॉस्पिटलमधली जागा
अब्रू – समाजात असलेला मान
टोमणा – मनाला लागेल असं तिरकं बोलणं
मुकाट्याने – काही न बोलता
विधवा – जिचा नवरा वारला आहे अशी स्त्री
वसतिगृह – शिकणाऱ्यांची एकत्र राहण्याची जागा

विचार करा आणि बोला
१. घरातल्या बायका रमाबाईंवर का रागावत होत्या?
२. नर्सिंग शिकणाऱ्या बायकांना वसतिगृहाचा काय उपयोग झाला असेल?
३. कुणीतरी तुमच्यावर रागावलं, पण ते खरं तर घाबरलेलं होतं, असं कधी झालं आहे का? पाच वाक्यांत लिहा.