दीनबंधूंचे प्रायश्चित्त

नाताळच्या मंगल दिवशी दीनबंधू अँड्र्यूज यांचे स्मरण होते. १८७१ साली इंग्लंडात जन्मलेले चार्ल्स अँड्र्यूज १९०४ साली ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून दिल्लीस आले आणि पुढे गांधीजी व रवींद्रनाथ यांचे जिवलग स्नेही झाले.

१९१९ च्या एप्रिलमध्ये अमृतसर पेटले. दहा तारखेस जमावाने पाच युरोपीयांचे प्राण घेतले. तेराव्या दिवशी, ऐन बैसाखीला, जालियनवाला बागेत सैन्याने सरकारी गणतीप्रमाणेच ३७९ माणसे मारली. अँड्र्यूज धावून गेले, तो त्यांना अटक करून परत पाठविण्यात आले. लष्करी अंमल उठल्यावर मात्र ते पंजाबात गावोगाव हिंडले, पीडितांच्या कहाण्या ऐकत राहिले. फटक्यांची शिक्षा भोगलेल्या एका शिखापुढे ते वाकले, त्याचे चरण शिवून त्यांनी आपल्या देशबांधवांच्या वतीने क्षमा मागितली. वास्तविक पाप त्यांचे नव्हते! पण ख्रिस्ताने परक्यांची पापे शिरी घेतली, ही त्यांची श्रद्धा. द्वेषाने दुभंगलेली मने पुन्हा सांधतील ही आशा त्यांनी त्याच श्रद्धेतून धरली.

पंजाबातून ते आफ्रिकेतील हिंदी बांधवांच्या साह्यार्थ निघाले. १९४० साली कलकत्त्यास त्यांनी देह ठेवला.