गोष्टी, खेळ आणि स्वराज्य

मूल गोष्टी ऐकण्यात रंगले अथवा खेळात दंग झाले की त्याचा काळ फुकट गेला, असे पुष्कळ पालकांस वाटते. उलटपक्षी, गोष्टी व खेळ हेच जीविताचे सर्वस्व, असे कित्येक विद्यार्थ्यांस वाटते. या दोन्ही समजुती ज्यांच्या चरित्रावरून पारखून पाहाव्यात, असे थोर पुरुष आमच्या अगदी शेजारचे आहेत. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागले म्हणजे ज्यांच्या प्रतापगडाकडे वाट जाते, त्या श्रीशिवछत्रपतींचे चरित्र आम्ही येथे या दृष्टीने पाहणार आहोत.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. शहाजीराजे मोहिमांत गुंतलेले व पुढे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात दूर राहिलेले. म्हणून बाळाच्या संगोपनाचा भार मातोश्री जिजाबाईंवर पडला. राम, कृष्ण, भीम व अर्जुन यांच्या कथा मातोश्रींनी त्याच्या कानी घातल्या, असे परंपरा सांगते. पुढे पुण्याच्या जहागिरीत मावळ खोऱ्यांतील मुले त्यांस सवंगडी मिळाली. डोंगर चढणे, घोडदौड करणे व लुटुपुटूच्या लढाया लढणे हे त्यांचे खेळ होते, अशी आठवण मराठी मुलखाने पिढ्यानुपिढ्या जपली आहे.

परंतु कथा ऐकणारी मुले घरोघर असतात. मग एखादाच शिवाजी का निपजतो? आमच्या मते याचे उत्तर असे की, कथेतील न्याय आपणच करावयाचा आहे, असे त्यांनी फार लवकर मानले. २८ जानेवारी १६४६ च्या पत्रावरून दिसते की, रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी दुर्वर्तन केले, तेव्हा महाराजांनी त्यास कठोर शासन करून त्याची पाटिलकी काढून घेतली. त्या वेळी त्यांस सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते.

खेळांचे फळ जावळीच्या रानात दिसून आले. १६५६ साली जावळी हाती येताच मोरोपंत पिंगळ्यांकरवी त्यांनी प्रतापगड बांधविला. पुढे अफजलखान हत्ती, तोफा व मोठे घोडदळ घेऊन चालून आला. असे सैन्य मोकळ्या मैदानात भारी. म्हणून महाराजांनी त्यास दाट झाडीच्या, अरुंद वाटांच्या या खोऱ्यात येण्यास भाग पाडले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी खान मारला गेला आणि झाडीत दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी त्याच्या सैन्याची दाणादाण उडविली. कोणती वाट कोठे निघते व कोणत्या आडोशाला किती माणसे लपतात, हे ज्ञान डोंगर पायांखाली घातल्यावाचून येत नाही.

तथापि खेळ व कर्तव्य यांत एक मोठे अंतर आहे. आमच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठचे तानाजी मालुसरे यांस परंपरा महाराजांचे बालमित्र म्हणते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना ते धारातीर्थी पडले. लुटुपुटूच्या लढाईत पडलेला गडी डाव संपताच उठतो. हा गडी उठला नाही. बालपणीचे स्वप्न खरे करण्यास अशी किंमत मोजावी लागते, आणि ती मोजूनही महाराजांनी हाती घेतलेले कार्य सोडले नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांस राज्याभिषेक झाला. ज्या माउलीने राजांच्या कथा सांगितल्या, तिने आपला पुत्र सिंहासनी बसलेला डोळे भरून पाहिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १७ जून रोजी, गडाखाली पाचाड येथे जिजाबाईंनी देह ठेविला. महाराजही ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर निवर्तले.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलाने गोष्ट मागितली असता ती टाळू नये. मात्र कोणती गोष्ट सांगावी, याचा विचार अवश्य करावा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही मनसोक्त खेळा व आवडीने गोष्टी वाचा. वैद्य, शिक्षक, शेतकरी वा कारागीर, जे होण्याची आकांक्षा तुम्ही धराल, तिचे बीज कदाचित तेथेच पडेल. परंतु पुस्तक मिटल्यावर व डाव संपल्यावर जे श्रम आरंभावे लागतात, त्यांवाचून त्या बीजास अंकुर फुटत नाही, हे विसरू नका.