खेळाचा पैसा नाकारणारा होबी बेकर

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात आणि मैदान आठवतं. पण होबी बेकर खेळायचा ती बर्फावरची हॉकी, पायात स्केट्स बांधून! अमेरिकेत कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूला दरवर्षी याच्याच नावाचा पुरस्कार देतात. तो मिळवणारी बहुतेक पोरं पुढे व्यावसायिक होतात, बक्कळ कमावतात. आणि ज्याच्या नावाने तो देतात त्याने मात्र खेळासाठी एक छदामही घेतला नाही.

होबीचा जन्म १८९२ चा, पेनसिल्व्हेनियातला. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण १९०७ च्या आर्थिक संकटात वडिलांचा पैसा बुडाला. दोन्ही मुलांना कॉलेजात पाठवणं परवडेना. तेव्हा भाऊ थॉर्न्टन स्वतः मागे राहिला आणि १९१० मध्ये होबी प्रिन्स्टनला गेला.

तिथे नियम कडक. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या मुख्य संघात जागा नाही, आणि पुढेही दोनच खेळ खेळायचे. त्याने बेसबॉल सोडला. फुटबॉल (त्यांचा, हातात चेंडू घेऊन पळायचा) आणि हॉकी ठेवली, आणि दोन्हींत कप्तान झाला! तेव्हा संघात सात खेळाडू असत. होबी रोव्हर, म्हणजे हल्ला आणि बचाव दोन्हीकडे धावणारा. त्याच्या नावावर न्यूयॉर्कमध्ये तिकिटं खपायची. रिंकच्या बाहेर त्याच्या नावाची पाटी लागली तर तो ती काढायला सांगायचा. सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन सगळ्यांशी हात मिळवायचा.

१९१४ ला पदवी झाली, न्यूयॉर्कला बँकेत नोकरी लागली (आपल्या भाषेत प्लेसमेंट!). टेबलावरचं काम त्याला भयंकर कंटाळवाणं वाटे. संध्याकाळी तो सेंट निकोलस क्लबकडून हौशी हॉकी खेळायचा. त्याचा खेळ बघून मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाने त्याला करार देऊ केला. त्याने नाही म्हटलं. त्या काळी चांगल्या घरच्या माणसाने खेळाचे पैसे घेणं कमीपणाचं मानत. खरं सांगायचं तर ही कल्पना ज्यांची पोटं भरलेली होती त्यांचीच. होबीच्या घरी तर पैसा उरला नव्हता, भावाने कॉलेज सोडून दिलेलं, आणि तरी त्याने ती पाळली. त्याचं कौतुक करावं की हळहळावं, माझं अजून ठरत नाही.

१९१६ मध्ये तो विमान चालवायला शिकला आणि पुढच्या वर्षी युद्धासाठी फ्रान्सला गेला. शेवटी तो १४१ व्या स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. तुकडीची विमानं त्याने प्रिन्स्टनच्या नारिंगी-काळ्या रंगात रंगवून घेतली. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपलं. २१ डिसेंबरला घरी परतायचा हुकूम हातात असताना तूल इथल्या तळावर, भर पावसात, दुरुस्त केलेल्या विमानाची चाचणी घ्यायला तो स्वतः चढला. उड्डाण होताच इंजिन बंद पडलं. अशा वेळी नाक खाली ठेवून समोरच कुठेतरी उतरायचं असतं. मागे वळलं की वेग आणि उंची दोन्ही जातात. तो तळाकडे वळला आणि विमान कोसळलं. वय फक्त २६.

१९४५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये पहिल्यांदा निवडलेल्या खेळाडूंत त्याचं नाव होतं. पुरस्कार १९८१ मध्ये सुरू झाला. पहिला मानकरी नील ब्रोटन त्याच वर्षी एनएचएलमध्ये गेला. तिथला नियम असा, की एनएचएलच्या संघाने ड्राफ्टमध्ये निवडलं तरी कॉलेजकडून खेळता येतं, व्यावसायिक करारावर सही केली की मात्र पात्रता गेली. कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्यांनाही कितीतरी वर्षं व्यावसायिक समजून कॉलेज हॉकीचं दार बंद होतं. ते १ ऑगस्ट २०२५ पासून उघडलं. २०२४ चा मानकरी मॅकलिन सेलेब्रिनी बॉस्टन युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षाला होता. त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टमध्ये त्याची सर्वांत पहिली निवड झाली, आणि कॉलेज एका वर्षात सोडून त्याने सॅन होजे शार्क्सच्या करारावर सही केली.