प्रेमचंद रायचंद कोण होते? शेअर बाजाराची परीक्षा देणाऱ्यांनी ही गोष्ट वाचाच

मी शिरपूरचा. एनआयएसएमची सिरीज बारा, म्हणजे सिक्युरिटीज मार्केट फाउंडेशनची परीक्षा, मी दोनदा दिली. 100 मार्कांचा पेपर, पास व्हायला 60 लागतात. पहिल्या वेळी पडले 54. क्लिअरिंग, सेटलमेंट, मार्जिन हे शब्द पाठ केले होते, पण ते कशासाठी आहेत हेच कळलं नव्हतं.

ते कळलं एका माणसाच्या आयुष्यावरून. त्यांचं नाव प्रेमचंद रायचंद. त्यांना जाऊन शंभरच्या वर वर्षं झाली, पण तुमच्या मोबाईलमधल्या ट्रेडिंग ॲपचं जवळजवळ प्रत्येक बटण त्यांच्या गोष्टीला कुठेतरी जाऊन भिडतं. आणि ही गोष्ट आपल्या कापसाची पण आहे.

वडाखालचा ब्रोकर

प्रेमचंद मूळचे सुरतच्या जैन कुटुंबातले. वडील धंद्यासाठी मुंबईला आले आणि मुलगा तिथेच शिकला. 1849 च्या सुमारास ते शेअर दलालीत आले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे ते पहिले देशी ब्रोकर मानले जातात. त्या काळात हा मोठा फायदा होता, कारण कंपन्यांचे कागद आणि बँकांचे साहेब, सगळं इंग्रजीतच.

तेव्हा शेअर बाजाराला इमारत नव्हती. टाऊन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलजवळ, वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे आणि तोंडी सौदे व्हायचे.

परीक्षेसाठी लक्षात ठेवा: ब्रोकर हा मध्यस्थ. शेअर तुमचा, पैसा तुमचा, त्याची कमाई दलालीची. आज सेबीकडे नोंदणी असल्याशिवाय ब्रोकर म्हणून काम करता येत नाही.

अमेरिकेत युद्ध, खान्देशात तेजी

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून त्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. भाव कित्येक पट वाढले. लोकांनी गाद्या उसवून आतला जुना कापूससुद्धा विकला, असं सांगतात. आपलं जळगाव त्याच वर्षांत कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आलं.

प्रेमचंद कापसात होतेच. लिव्हरपूलचा भाव जहाजातून मुंबईला यायचा. जहाज बंदराला लागण्याआधीच प्रेमचंद आपली होडी समुद्रात पाठवून बातमी मिळवायचे, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे त्या काळचं फास्ट इंटरनेट! इतरांना भाव कळेपर्यंत यांची खरेदी झालेली असायची.

परीक्षेसाठी लक्षात ठेवा: बातमी आधी मिळवणं आणि कंपनीच्या आतली गुप्त बातमी वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावावर परिणाम करणारी, अजून जाहीर न झालेली आतली माहिती वापरून शेअर घेणं-विकणं म्हणजे इनसायडर ट्रेडिंग. त्यासाठी सेबीचे 2015 चे नियम आहेत. कंपनीला महत्त्वाची बातमी एक्स्चेंजला कळवावीच लागते, ती याचसाठी.

शेअरचं वेड

मुंबईत पैशाचा पूर आला. तो जिरवायला नव्या कंपन्या निघाल्या. जानेवारी 1865 मध्ये मुंबईत 31 बँका, 16 फायनान्स कंपन्या आणि 20 विमा कंपन्या होत्या. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीमागे प्रेमचंद होते. तिच्या 5,000 रुपये भरलेल्या शेअरचा भाव दहापट झाला. नव्या कंपनीचे शेअर कोणाला मिळणार, हे प्रेमचंद यांच्या शब्दावर ठरायचं. त्यांच्या दारात रांगा लागायच्या.

खरी गडबड इथून पुढे आहे. 1863 मध्ये बँक ऑफ बॉम्बेचा कायदा बदलला आणि शेअर तारण ठेवून कर्ज द्यायची वाट मोकळी झाली. प्रेमचंद यांचं या बँकेत एवढं वजन होतं की त्यांना आणि ते सांगतील त्यांना कर्ज मिळायचं. त्या पैशातून लोक पुन्हा शेअर घ्यायचे. भाव वाढला की तारण वाढलं, तारण वाढलं की कर्ज वाढलं. वर्तुळ फिरत राहिलं.

शिवाय वायदे. आज सौदा ठरवायचा, पैसे आणि शेअर पुढच्या तारखेला. कितीतरी सौद्यांची तारीख होती 1 जुलै 1865. हातात पैसा नसतानाही लोकांनी लाखोंचे वायदे केले, कारण तोवर भाव आणखी वाढणारच, याची सगळ्यांना खात्री होती.

1 जुलै 1865

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेचं युद्ध संपत आलं. बातमी मुंबईला पोहोचली आणि कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर. 1 जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते. एकाने हात वर केले की ज्याचे पैसे त्याच्यात अडकले तोही बुडायचा, आणि मग त्याच्या पुढचा.

बँक ऑफ बॉम्बेचा 500 चा शेअर 2,850 वर गेला होता, तो 87 वर आला. 1868 मध्ये बँक बंद करावी लागली. त्याच वर्षी तिच्या बुडण्याची सरकारी चौकशी झाली आणि प्रेमचंद यांना जाब द्यावा लागला. काल ज्यांच्या दारात रांगा होत्या, तेच आता सगळ्यांच्या शिव्यांचे धनी.

ही साखळी मला लगेच कळली, कारण मी ती घरी पाहिलीय. आमचे आबा एका वर्षी खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला उधारीवर कापूस देऊन बसले. व्यापाऱ्याने तो पुढे जिनिंगला दिला. तिकडून पैसे अडकले, व्यापाऱ्याचा फोन बंद, आणि आबा दिवाळीपर्यंत रोज त्याच्या दारात.

परीक्षेसाठी लक्षात ठेवा: हीच साखळी तोडायला क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं. ॲपवर तुम्ही शेअर घेता तेव्हा ते मध्ये उभं राहतं: विकणाऱ्यासाठी घेणारं, घेणाऱ्यासाठी विकणारं. समोरचा बुडाला तरी तुमचा सौदा पुरा होतो. त्यासाठी आधीच मार्जिन घेतलं जातं आणि हमीचा वेगळा फंडही असतो. सेटलमेंट जितकं उशिरा, तितका धोका जास्त. म्हणून जानेवारी 2023 पासून आपल्याकडे सगळ्या शेअरचं सेटलमेंट टी प्लस वन, म्हणजे सौद्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होतं. 1865 मध्ये यातलं काहीच नव्हतं.

पडल्यानंतरचा माणूस

प्रेमचंद पळून गेले नाहीत. होतं ते देणेकऱ्यांपुढे ठेवलं, दिवाळं पत्करलं आणि पुन्हा शून्यातून दलाली सुरू केली. तेजीतच, 1864 मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख आणि मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं ठरलं होतं. तोच 1878 मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर. चर्चगेटकडून जाताना दिसतो ना, तो.

1875 मध्ये दलालांनी एकत्र येऊन संघटना काढली. 318 सभासद, प्रवेश फी 1 रुपया. तिच्या संस्थापकांमध्ये प्रेमचंद यांचं नाव पहिलं घेतलं जातं. तीच आजची बीएसई. वडाखालच्या तोंडी सौद्यांना आता नियम आणि सभासद आले. 1906 मध्ये प्रेमचंद गेले.

पुढचे बांध एकेक करून घातले गेले: 1956 चा सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायदा, 1992 चा सेबी कायदा, आणि 1996 चा डिपॉझिटरी कायदा, ज्यातून डिमॅट खातं आलं. या तारखा नुसत्या पाठ करू नका. प्रत्येक कायद्यामागे कोणाचा तरी बुडालेला पैसा आहे, असं समजून वाचा.

मी हे का लिहिलं

कापूस विकून आलेल्या पैशातले 41 हजार आबांनी बोअरवेलसाठी माझ्या खात्यावर ठेवले होते. मी एका ग्रुपवरच्या टिप्स बघून ते ऑप्शनमध्ये लावले. आठ दिवसांत संपले. सेबीच्या 2024 च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सचा तोटा झाला असं आलंय. त्यातला एक मी.

घरी चार महिने सांगितलं नव्हतं. बोअरचं काय झालं विचारलं की विषय बदलायचो. प्रेमचंद यांची गोष्ट वाचताना एका जागी अडकलो: एवढा मोठा माणूस, पण देणेकऱ्यांसमोर उभा राहिला. त्या संध्याकाळी शेतात आबांना सगळं सांगून टाकलं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. कपाशीचं एक बोंड तोडून हातात फिरवत राहिले. मग एवढंच विचारलं, की परीक्षा परत केव्हा आहे.

दुसऱ्या वेळी 71 पडले. बोअर अजून व्हायचीय, त्यासाठी दर महिन्याला पैसे बाजूला टाकतोय, साध्या आरडीत.

तर मित्रांनो, पेपरची तयारी करत असाल तर क्लिअरिंग आणि मार्जिनचा धडा आधी काढा. आणि ॲपवर घेण्याचं बटण दाबण्याआधी एकदा विचारा: हा पैसा कोणाचा आहे, आणि तो बुडाला तर मी कोणासमोर उभा राहणार आहे? माहिती आवडली असेल तर टिप्सच्या ग्रुपवर असलेल्या एका तरी मित्राला नक्की पाठवा.